इशारा पोहोचला नाही

८ फेब्रुवारी

आज दुपारी लेख चढवला. 'काराकिया खिंडीतलं हिमस्खलन'. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायच्या किरगिझ ज्ञानकोशात आमच्या नारीन भागाबद्दल धड दोन ओळी सापडत नाहीत. आता निदान हा एक लेख तरी मान वर करून उभा राहील. या महिन्यात चाळीस वर्षं होतील. रस्ता मोकळा करायला गेलेली सात माणसं बर्फाखाली मेली, त्यात माझे वडील तुरात. मी तेव्हा आपाच्या पोटात होते. म्हणून तर लिहिताना फार जपलं. एक विशेषण नाही, कुठे हळहळ नाही. जिल्ह्याच्या रस्ते खात्यानं काढलेल्या स्मरणग्रंथात जे छापलंय तेवढंच घेतलं. आपा तेव्हा त्या खिंडीतल्या रस्ता-चौकीवर रेडिओ सांभाळायची, पण मी आईला एका शब्दानं विचारलं नाही. घरच्यांच्या आठवणींना ज्ञानकोशात जागा नसते. मी इथली प्रचालक, लोकांच्या लिखाणावर देखरेख ठेवणारी. मीच नियम मोडले तर लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?

संध्याकाळी मात्र राहवलं नाही. आपा मांस भरून वाफवायच्या मांतीसाठी पीठ लाटत होती. म्हटलं, ऐक, वाचून दाखवते.

"त्या सकाळी हवामान केंद्राचा इशारा चौकीपर्यंत पोहोचला नाही," या वाक्याशी आले आणि लाटणं थांबलं.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच की."

"तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे, आपा. छापील."

"पुस्तकात," ती म्हणाली. हात झटकले आणि कोळसा आणायला बाहेर गेली. बादली तर भरलेलीच होती. वडिलांची आठवण आली असणार. उगाच वाचलं असं झालं.

१३ फेब्रुवारी

कुणीतरी 'इल्बिर्स' नावाचा सदस्य काल उगवला आणि त्यानं माझं वाक्य खोडून जागेवर लिहिलं, 'इशारा पोहोचला होता.' संदर्भ नाही, काही नाही. मी उलटवलं, म्हणजे आधीचं वाक्य परत आणलं. त्यानं परत लिहिलं. मी परत उलटवलं आणि त्याच्या पानावर नम्रपणे सांगितलं की ज्ञानकोशात स्वतःचं म्हणणं चालत नाही, छापलेला आधार लागतो. उत्तर आलं, 'आधार कसला? इशारा आला होता.'

इल्बिर्स म्हणजे हिमबिबट्या. नावावरून वाटतं, कुणी अंगात रग असलेला पोरगा असावा. लिहितो कसा, तर आमची खास किरगिझ अक्षरं त्याला माहीतच नाहीत, सगळी रशियन अक्षरांवर वेळ मारून नेतो.

ओशहून मामासालीचा फोन आला. तो दुसरा प्रचालक, चष्म्याचं दुकान आहे त्याचं, मला 'एजे' म्हणतो, थोरली बहीण. हसत होता. "एजे, बिबट्याशी जपून. तुमच्या डोंगरातला दिसतोय."

"डोंगरातले बिबटे आधी शुद्धलेखन शिकू देत," मी म्हटलं.

१६ फेब्रुवारी

आपा फोन घेऊन आली. नाकातून काढायचा 'ङ' टाइप करताना कुठे असतो? दाखवलं, 'न'वर बोट दाबून धरलं की वर येतो. इतर अक्षरंही दाखवली. कुणाला एवढं लिहितेस विचारलं तर म्हणाली, "आहे एक बाई. डोक्यात लवकर शिरत नाही तिच्या." या वयात मैत्रिणींशी गप्पा मारते, बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी

इल्बिर्स पुन्हा हजर. वाक्य तेच, पण यावेळी अक्षरं एकूण एक बरोबर. कुणीतरी शिकवलेलं दिसतंय. उलटवलं.

२० फेब्रुवारी

आज हद्द झाली. त्यानं लिहिलं: 'इशारा चौकीप्रमुख शार्शेनला सांगितला होता. राजधानीतून मोठ्या साहेबाची गाडी यायची होती म्हणून त्यानं तरीही माणसं पाठवली.'

शार्शेन-आवा (थोरल्यांना आम्ही 'आवा' म्हणतो) जिवंत आहेत. हयात माणसावर पुराव्याशिवाय असला आरोप ज्ञानकोशात एक मिनिटही ठेवता येत नाही, नियमच आहे. काढून टाकलं.

पण नियम बाजूला ठेवला तरी, कोणाबद्दल बोलतोय हा? त्या माणसानं उघड्या हातांनी बर्फ उकरून आणखी तिघांना जिवंत काढलं, हाताची बोटं त्यात गेली. आणि आमच्यासाठी काय नाही केलं? दर हिवाळ्याआधी त्यांच्याकडून कोळसा यायचा. नौरुझला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला, मांस. माझा कॉलेजचा प्रवेश त्यांनीच करून दिला, लग्नात बापाच्या जागी तेच उभे होते, आणि नवऱ्यानं मला सोडलं तेव्हा सामान आणायला त्यांनीच ट्रक पाठवला. मेलेल्या कामगाराच्या बायकापोरांसाठी कोण एवढं करतं? बाकीच्या सहा घरांसाठीसुद्धा त्यांनी एवढं केलं नाही. आमच्यावरच त्यांचा विशेष जीव.

आपाला सांगितलं, कुणीतरी शार्शेन-आवांवर चिखल उडवतोय. ती म्हणाली, "आणि तू काय केलंस?"

"पुसून टाकलं."

"पटकन पुसता येतं का?"

"एका बटणात."



२२ फेब्रुवारी

एसेन-बायकेंनी (बायके म्हणजे थोरला भाऊ) केबिनमध्ये बोलावलं. शार्शेन-आवांचा हा मुलगा, मी शिकवते त्या कॉलेजचा उपप्राचार्य. पुढच्या महिन्यात खालच्या वस्तीतल्या शाळेला आवांचं नाव द्यायचंय, त्या अर्जाला माझा लेख जोडलाय.

"कोण आहे हा बिबट्या?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बायके. तिथं कुणीही खोट्या नावानं लिहू शकतं."

"ज्ञानकोश आहे का गल्लीतली भिंत? कुणीही यावं आणि खरडून जावं! तू तिथली मोठी आहेस ना? मग कर बंदोबस्त."

"नियमात बसेल ते करेन."

"कर, कर. नियमातच कर." मग चहा मागवला, आणि पुढच्या वर्षीच्या तासांच्या वाटपाचा विषय काढला. माझे तास वाढवायचं त्यांच्या मनात आहे म्हणे. चांगलं आहे. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

२५ फेब्रुवारी

मामासालीशी कडाक्याचं वाजलं.

"एजे, लेख तुम्ही लिहिलात, उलटवताय तुम्ही, आणि आता त्याला रोखायचं म्हणताय तेही तुम्हीच. एका माणसानं तिन्ही करायचं नसतं."

"तो हयात माणसाची बदनामी करतोय!"

"ते काढलंत ते बरोबरच. पण ते पहिलं वाक्य? 'इशारा पोहोचला नाही' हे एकट्या त्या स्मरणग्रंथात आहे, आणि ग्रंथ काढलाय रस्ते खात्यानं. तिथं 'स्मरणग्रंथानुसार' एवढा शब्द घातलात तर काय बिघडेल?"

"म्हणजे संशय निर्माण करायचा?"

"म्हणजे कोण म्हणतंय ते सांगायचं. आणि एक विचारू? मेलेल्यांच्या यादीत तुरात आहे. तुमच्या आडनावाचा."

मी सांगितलं, माझे वडील. पण मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही, मग यात कसला आलाय हितसंबंध?

तो म्हणाला, "एजे, या लेखापासून बाजूला व्हा."

मी फोन ठेवला. चष्मे विकणारा मला निःपक्षपातीपणा शिकवणार! सोळा वर्षं झाली मला इथं, तो काल-परवाचा.

२८ फेब्रुवारी

इल्बिर्सनं आज तेच पुन्हा लिहिलं, आणि चर्चापानावर, जिथं लेखाबद्दल वाद घालतात तिथं, वर एक ओळ: 'ज्या मुलीला काही ठाऊक नाही तिनं लिहू नये.' मुलगी! मी बाई आहे हे याला कळलं कसं? वैयक्तिक हल्ल्याचं कलम लावलं आणि महिनाभर संपादनाला मनाई केली. सूचनेखाली पूर्ण नाव घातलं. बटण दाबल्यावर हलकं वाटलं. तसं वाटणं बरोबर नाही, पण वाटलं.

आपा जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

१ मार्च

कसं लिहू.

सकाळी चहाच्या वेळी आपानं फोन माझ्यापुढे ठेवला. "चष्मा सापडत नाही. एवढं वाचून दाखव."

पडद्यावर लाल चौकट होती. मी वाचायला लागले. 'सदस्य इल्बिर्स, वारंवार निराधार मजकूर घालणे आणि वैयक्तिक हल्ला या कारणांवरून आपणास एक महिना संपादनास मनाई करण्यात येत आहे.' मोठ्यानं वाचत होते मी. शेवटी माझं नाव होतं, तेही वाचलं.

"तुझंच नाव ना ते?" आपा म्हणाली. चष्मा तिच्या डोक्यावर होता.

"आपा, तू?"

"रेडिओवर आमच्या चौकीला इल्बिर्स म्हणायचे."

मग ती बोलली. माझ्या उभ्या जन्मात ती या विषयावर सलग एवढं बोललेली नाही. जसं बोलली तसंच उतरवते आहे.

"सकाळी केंद्रातून आवाज आला. 'इल्बिर्स, उतार सुटणार, माणसं मागं घ्या.' मी शार्शेनला सांगितलं. तो म्हणाला, दुपारपर्यंत रस्ता मोकळा हवा, साहेबांची गाडी यायचीय. मी परत सांगितलं, सगळ्यांच्या देखत. तो म्हणाला, 'पोरी, नवऱ्याला थंडीत पाठवायचं तुझ्या जिवावर आलंय.' सगळे हसले. तुझा बापही हसला. लाजला आणि हसला. मग फावडी घेऊन गेले."

"आणि चौकशी झाली तेव्हा?"

"चौकशीवाले आले तेव्हा शार्शेनचे हात बांधलेले होते. त्यानं तिघांना ओढून काढलं, ते खोटं नाही, मी पाहिलंय. तो म्हणाला, 'सालकिन, रेडिओ बंद होता म्हण. तुझं आणि पोटातल्या बाळाचं मी बघेन.' मी 'बंद होता' म्हणाले नाही. काहीच म्हणाले नाही. त्यांनी त्याचा हवा तो अर्थ काढला. मग लोक म्हणायला लागले, रेडिओवरची पोर झोपली होती. बाजारात म्हणायचे. सहा घरच्या बायका माझ्याकडे बघायच्या तेव्हा मला कळायचं, काय म्हणतायत ते."

"इतकी वर्षं गप्प राहिलीस. मग आताच का?"

"आता तू लिहिलंस म्हणून," आपा म्हणाली. "लोक म्हणायचे ते वेगळं."

३ मार्च

दोन दिवस वहीला हात लावला नाही. कोळशाकडे बघवत नाही.

एक प्रश्न स्वतःला विचारते आहे. आपानं सांगितलं ते मला लगेच खरं वाटलं. का? आई आहे म्हणून? मग पहिल्यांदा शार्शेन-आवांचं खरं वाटलं ते का? मला तर वाटत होतं, मी फक्त पुस्तकावर चालते.

५ मार्च

शार्शेन-आवांकडे गेले. अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. गुडघ्यांवर घोंगडी, त्यावर ते हात. मला बघून तोंडभर हसले. "ये, माझी लेक आली! अगं, हिला चहा आणा कुणीतरी!"

सगळं ठरवून गेले होते, पण तोंडातून एवढंच आलं, "आवा, त्या दिवशी इशारा आला होता का?"

त्यांनी आधी घराकडे पाहिलं. सून चहा ठेवून आत गेली. मग म्हणाले, "दोनदा सांगितलं तिनं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला भीती वाटली. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा राग आला. सगळ्यांपुढं बोलली ना." पुढे म्हणाले, "तुझा बाप चांगला होता. माझ्या विनोदाला हसायचा."

मी रडले. ते नाही रडले. त्यांनी कपाची बशी दोन तळव्यांत धरून माझ्यापुढं सरकवली.

"हे समारंभात सांगाल का? सगळ्यांपुढं?"

त्यांनी गुडघ्यांवरची घोंगडी नीट केली. मग म्हणाले, "आपाला सांग, सांगेन. आता मला कोण काय करणार आहे?"

परत येताना जवळजवळ पळतच आले. पुलावर आले आणि लक्षात आलं: वाचलेले ते तिघं केव्हाच गेले; त्या दिवसाबद्दल जे जाणतात ते उरलेले दोघंही माझ्याशी बोलले, आणि मी त्यातला एक शब्द लिहू शकत नाही. माझ्या कानावर पडलेलं कुठेही छापलेलं नाही.

आपाला निरोप दिला. "सांगेन म्हणाला?" तिनं दोनदा विचारलं. मग ट्रंकेतून निळा शाल-रुमाल काढून वारा द्यायला टांगला.

६ मार्च

मामासालीला फोन करून म्हटलं, मी लेखातून बाजूला होते, आणि इल्बिर्सवरची मनाई तू उठव, मी घातली ते चुकलं.

"चुकलं म्हणजे?"

"वैयक्तिक कारण आहे."

"एजे, हितसंबंध असेल तर चर्चापानावर लिहावा लागतो. उघड."

"लिहीन. समारंभ होऊन जाऊ दे."

"कुठला समारंभ?" त्यानं विचारलं, पण फार ताणलं नाही. मनाई उठवली त्यानं. वाक्यात 'स्मरणग्रंथानुसार' हा शब्दही घातला. नुसता एक शब्द. आणि वाक्य किती वेगळं दिसायला लागलं! त्यानं सुचवलं तेव्हाच मी का ऐकलं नाही?

९ मार्च

काल महिला दिनाची कॉलेजात फुलं वाटली. एसेन-बायकेंनी माझ्या हातात ट्यूलिप देत विचारलं, "बाबांना भेटून गेलीस म्हणे? काय बोललात एवढं?"

"तब्येत विचारायला गेले होते."

"हल्ली फार लोकांनी त्यांना त्रास द्यावा असं मला वाटत नाही. जुनं काही विचारलं की झोपत नाहीत." ट्यूलिपचा देठ त्यांनी अजून सोडला नव्हता.

१९ मार्च

समारंभ झाला.

शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. बर्फ वितळून चिखल झालेला, त्यावर फळ्या. आपा दुसऱ्या रांगेत, निळा रुमाल बांधून, पाठ ताठ. पलीकडे त्या सहा घरांतली माणसं. आवांना मानाचा झगा, चापान, घातला, डोक्यावर कल्पाक टोपी घातली. एसेन-बायकेंनी माझ्या लेखातला उतारा वाचला. स्वतःची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नव्हती. 'इशारा पोहोचला नाही' तेवढं आलं, 'स्मरणग्रंथानुसार' शिवाय. अर्जाला जुनी प्रत जोडली होती ना.

मग माइक आवांकडे आला. त्यांनी आधी आपाला शोधलं. सापडली तसे तिच्याकडेच बघत राहिले. मी आपाचा हात धरला. गार होता.

"त्या दिवशी सकाळी," ते म्हणाले आणि थांबले.

एसेन-बायके पुढे झाले, माइक नीट केला, बापाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी काढला नाही.

"त्या दिवशी सकाळी," आवा पुन्हा म्हणाले, "फार थंडी होती."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते बसले.

आपा उठली. मला वाटलं आता ओरडेल, काहीतरी होईल. पण ती फळ्यांवरून नीट पाय टाकत फाटकाबाहेर गेली. मी मागे पळाले. घरी आल्यावर म्हणाली, "चहा टाक."

२२ मार्च

काल नौरुझ. नेहमीप्रमाणे शार्शेन-आवांकडून गाडी आली, मेंढीचा मागचा पाय आणि पिठाचं पोतं घेऊन. आपा दारात उभी राहिली.

"परत ने."

ड्रायव्हर गोंधळला. "आजी, सणाचं आहे. परत कसं नेऊ? मला शिव्या बसतील."

"बसू देत. तू तरुण आहेस, सोसशील."

आज सकाळी निळा रुमाल बांधून ती मला म्हणाली, "वर्तमानपत्राचं ऑफिस कुठं, पोस्टाच्या मागं ना?"

मी घाबरले. खरं लिहायचं तर मी तिला अडवायला बघितलं. म्हटलं, आपा, लोक म्हणतील खाल्लेलं विसरली, चाळीस वर्षं कोळसा घेतला तेव्हा नाही बोलली. माझे कॉलेजातले तास एसेन-बायकेंच्या हातात आहेत, हे म्हटलं नाही, पण तिला ते ऐकू आलं असावं.

"म्हणू देत. घेतलाच होता कोळसा. तेही सांगेन."

मग मी म्हटलं, निदान मी बरोबर येते. आवा माझ्याजवळ कबूल झालेत, ते मी सांगते, म्हणजे दोन साक्षी होतील.

"नाही," ती इतकी चटकन म्हणाली की मी दचकले. "माझं मी सांगेन. त्याचं तोच सांगू दे. त्यानं तुला लेक म्हणून सांगितलं, वर्तमानपत्राला नाही."

"पण मग तुझ्या एकटीचा शब्द उरेल!"

"तेव्हाही एकटीचाच होता."

मी घरी थांबले. तिचं ऐकलं म्हणून थांबले असं लिहिते आहे. तरी ती फाटकाबाहेर गेल्यावर मला जे वाटलं ते सुटकेसारखंच होतं.

४ एप्रिल

छापून आलं. अर्धं पान. आपाचा फोटो, ओठ घट्ट मिटलेले. तिनं सगळं सांगितलंय, कोळसा, मांस, माझा कॉलेजप्रवेश, स्वतःचं गप्प बसणं. खाली चौकटीत शार्शेन-आवांच्या कुटुंबाचं म्हणणं: असं काही घडलं नाही, वृद्ध बाईची स्मृती दगा देते आहे. आवांना विचारलं असता त्यांनी बोलायला नकार दिला, असंही आहे. नकार दिला. 'नाही' म्हणाले नाहीत. मी ते वाक्य परत परत वाचलं.

कॉलेजात कुणी माझ्याजवळ बसलं नाही. एसेन-बायके जिन्यात भेटले. "बाबांनी तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं," एवढंच म्हणाले. आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

दुपारी दारावर थाप पडली. बर्फाखाली गेलेल्या झानिबेकची बायको, काठी टेकत आलेली. ती आमच्याकडे कधीच येत नसे. आपा उठून उभी राहिली. 

"सालकिन," ती म्हातारी म्हणाली, "माझा पण हसला होता का गं?"

"हसला होता," आपा म्हणाली.

"तो कशालाही हसायचा," म्हणून ती आत येऊन बसली. मी तळलेल्या पिठाचे बोर्सोक आणि साय पुढं ठेवली. संध्याकाळपर्यंत बसली होती. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मला स्वयंपाकघरात पाठवलं होतं.

७ एप्रिल

मामासालीनं परिच्छेद लिहिला. मी लेखाला हात लावलेला नाही. फोन करून म्हणाला, "एजे, तुम्ही काही बोलू नका, फक्त वाचा. दोन्ही बाजू आहेत, दोन्हींना संदर्भ आहे. सालकिन-आपांना नमस्कार सांगा. वर्तमानपत्र वाचल्यावर मला सगळं समजलं. चर्चापानावर तुमचं लिहायचं राहिलंय तेवढं लिहा."

आपाला वाचून दाखवलं. ती खिडकीशी बसून लोकरीचे धागे विंचरत होती.

"स्मरणग्रंथानुसार त्या सकाळी हवामान केंद्राचा इशारा चौकीपर्यंत पोहोचला नाही. तेव्हा चौकीवर सालकिन रेडिओचालक होत्या; इशारा पोहोचला होता व तो त्यांनी चौकीप्रमुखांना दोनदा कळवला होता, असे त्या म्हणतात. शार्शेन यांच्या कुटुंबाने हे नाकारले आहे."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. मला भीती वाटत होती, तिला हे फार थोडं वाटेल. कुटुंबानं नाकारलं ते ऐकून ती चिडेल. पण ती वेगळ्याच ठिकाणी अडली.

"माझ्या वाक्याच्या शेवटी काय आहे? त्या काय?"

"असे त्या म्हणतात."

"म्हणतात का?"

"आपा, तसंच लिहावं लागतं. आपण न्याय करायचा नसतो. कोण काय म्हणतं तेवढं द्यायचं."

"ते कळलं मला. नको करू न्याय. पण 'म्हणतात' म्हणजे आज, ना? आज म्हातारपणी बसून म्हणतात." तिनं लोकर खाली ठेवली. "ते चुकीचं आहे. तिथं बोलायची जागा कुठली? मी तुला 'लिहू नये' म्हणाले होते ती."

"चर्चापान."

"दाखव."

मी उघडून दिलं. आधी मी माझं लिहिलं, जे आधीच लिहायला हवं होतं: मी जिपार, या लेखाची पहिली लेखिका, मृत तुरात यांची मुलगी, सालकिन यांची मुलगी, शार्शेन यांच्या मदतीवर वाढलेली, या लेखात मी यापुढे संपादन करणार नाही. लिहून सही केली.

मग आपानं फोन माझ्याकडून घेतला. मी सांगत होते, नम्रपणे लिही, विनंती म्हणून लिही. तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. बराच वेळ एकेक अक्षर शोधत होती. लिहून झाल्यावर चूक आहे का बघ म्हणाली. नव्हती. इल्बिर्सच्या नावानं एकच ओळ होती:

'मी आज म्हणत नाही. मी तेव्हाच म्हणाले होते.'